दिवाणजींनी काढून टाकलेल्या नोंदी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. निवृत्तीनंतर त्यांतले बरेचसे डोक्यातून निघूनही गेले. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यातून सुताची पोती गेल्याचा तपास मात्र अजून जात नाही. सकाळी चहा घेताना, पेपर वाचताना मध्येच तो समोर येऊन उभा राहतो. मी त्या वेळी शहराच्या एका पोलीस ठाण्यात गुन्ह्यांचा तपास पाहणारा निरीक्षक होतो. कुणाचं नाव मी घेणार नाही. ज्यांचं घ्यायला हवं, त्यांना ते आता आवडणार नाही.

सकाळी हजेरी संपली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होते. एवढ्यात कारखान्याचे धाकटे शेठ लॅपटॉप काखेत धरून आले. पस्तिशीचा माणूस, बोलायला सभ्य. थोरले शेठ वर्षभरापूर्वी वारले होते आणि सगळा कारभार याच्यावर आला होता. गोदामातून सुताची शंभराच्या वर पोती कमी आहेत, असं त्याचं म्हणणं होतं.

"कशावरून?" मी विचारलं.

त्यानं लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. वडिलांच्या मागे त्यानं खास आपल्या कारखान्यासाठी एक वेबसाइट बनवून घेतली होती. मोबाईलवर उघडली की गोदामात किती सूत आहे, किती माल तयार आहे, कुणाकडे किती गेला, सगळं दिसे. मूळ नोंदी कारखान्याचे हिशेब लिहिणारे दिवाणजी आपल्या टेबलावरच्या कंप्युटरमध्ये, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये करत. तिथून त्या आपोआप वेबसाइटवर जात. 

"वेबसाइट म्हणते इतकी पोती आली. गोदामात मोजली तर कमी भरतात," तो म्हणाला. "आणि साहेब, खरी गोष्ट पुढेच आहे. दिवाणजींच्या सॉफ्टवेअरमधला आकडा गोदामाशी बरोब्बर जुळतो."

"मग जुळतो ना?"

"जुळवलाय. माल आल्याच्या नोंदी त्यांनी मागे जाऊन काढून टाकल्यात. कोणती नोंद कुणी कधी काढली ते सॉफ्टवेअर लिहून ठेवतं. हे बघा, सगळीकडे त्यांचंच नाव. त्यांच्या कंप्युटरमधून त्यांना काढता आल्या. वेबसाइटपर्यंत त्यांचा हात पोचत नाही, म्हणून तिथं राहिल्या."

पोलिसाला याहून सरळ काय हवं? माल कमी, नोंदी पुसलेल्या, पुसणाऱ्याचं नाव समोर आणि गोदामाची किल्लीही त्याच्याच कमरेला. मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितली. गुन्हा दाखल झाला.

त्याच दुपारी ठाण्याच्या फोनवर टीप आली. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. "दिवाणजीच्या घरी जावा की. कोऱ्या टॉवेलांची चवड लागलीया ट्रंकेत," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीप घेऊन गेलो. मी, चार शिपाई, दोन पंच आणि माझे हवालदार. हवालदार मूळचे मंद्रूपचे, माझ्यापेक्षा वयानं आणि अनुभवानं मोठे. विणकरांची वस्ती होती. बोळ इतका अरुंद की जीप तोंडाशीच लावावी लागली. नळाला पाणी आलं होतं, त्यामुळे सगळा बोळ बाहेर होता. 

दिवाणजी दार उघडून उभे राहिले. पंचावन्न-छप्पन्न वय, बारीक अंगकाठी, खिशाला दोन पेनं. कारखान्यात तीस वर्षं काढलेली. घरात बायको होती, विड्या वळायची. आतल्या खोलीत खाटेवर आई. ऐंशीच्या पुढची, उठता येत नव्हतं, पण कान शाबूत होते. घरात सगळे तेलुगू बोलत. आमचे बूट वाजले तशी ती आतून काहीतरी विचारू लागली. दिवाणजींनी तिला तेलुगूत उत्तर दिलं. नंतर मला कळलं, कारखान्यातले लोक आलेत, असं त्यांनी सांगितलं होतं.

ट्रंकेत टॉवेल निघाले. चादरीही निघाल्या. कोऱ्या, घडी न मोडलेल्या.

"साहेब, दिवाळीला मिळालेल्या आहेत. दर वर्षी थोरले शेठ देत," बायको म्हणाली. "आमी वापरलो नाही. मुलीच्या लग्नात द्यायला ठेवले होते, त्यातून उरलेत."

"पावती आहे?" मी विचारलं.

दिवाळीच्या भेटीची पावती कोण देतो? हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही विचारलं. पंचनामा झाला, टॉवेल मुद्देमालात घेतले आणि दिवाणजींना बोळातून जीपपर्यंत चालवत आणलं. हंडे भरून वाहत होते आणि बायका नळ बंद करायचं विसरून बघत होत्या.

कारखान्यातून मी कंप्युटर आणि बिलांच्या फायलीही जप्त केल्या. फायलींचे सहा गठ्ठे होते. लेबलं लावून, सील करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवले. कोर्टानं पाच दिवसांची पोलीस कोठडी दिली.

पहिल्याच चौकशीत दिवाणजींनी सगळं खरं सांगितलं होतं. माझ्या हातानं मी ते लिहून घेतलं आहे. ते म्हणाले, "साहेब, गिरणीतून सूत येतं तेव्हा ड्रायव्हरकडं फक्त चलन असतं, म्हणजे माल पोचवल्याची चिठ्ठी. बिल आठ-दहा दिवसांनी येतं. तोवर गोदामात माल दिसावा म्हणून मी चलनावरून नोंद करतो. बिल आलं की बिलाची नोंद करतो आणि चलनाची काढून टाकतो. नाहीतर एकच माल दोनदा दिसेल की."

मी धाकट्या शेठला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "वेबसाइटवर दोन्हींचे नंबर वेगळे, तारखा वेगळ्या आहेत साहेब. दोन वेगळे माल आहेत. ते तुम्हाला गुंडाळतायत."

मी शेठवर विश्वास ठेवला. खरं तर शेठवरही नाही, पडद्यावर ठेवला. माणूस खोटं बोलतो हे मी नोकरीभर पाहत आलो होतो. यंत्राला खोटं बोलून काय मिळणार, असं मला वाटलं. ज्या ट्रान्सपोर्टमधून माल येई, तिथे एक शिपाई पाठवून पावत्या तपासायला अर्धा दिवस लागला असता. ते मी केलं नाही. पोती विकली कुणाला, एवढाच प्रश्न मी दिवसभर विचारत राहिलो.

कोठडीच्या दुसऱ्या दिवशी मी वेगळा मार्ग घेतला. आम्ही पोलीस हात न लावताही माणसाला मोडू शकतो. 

"ठीक आहे," मी म्हणालो. "टॉवेल घरात सापडलेत. घरातल्या माणसांना माहीत असणारच. तुमच्या आईचा जबाब घ्यावा लागेल. उद्या गाडी पाठवतो."

दिवाणजींनी मान वर केली. "अम्माला उठता येत नाही, साहेब."

"खाटेसकट आणू."

तसं मी काही करणार नव्हतो. पण त्यांना ते कसं कळणार? त्यांनी जबाब लिहिणाऱ्या रायटरकडे मान वळवली. मग म्हणाले, "लिहून घ्या. मीच विकली."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, पण तिच्यातून माल कुठे गेला ते कळतं. मी विचारलं, टेम्पोनं नेली का? हो म्हणाले. अक्कलकोट रस्त्यानं? हो. तिकडच्या व्यापाऱ्याला? हो. रायटर भराभर लिहीत होता. मला वाटलं, तपास संपला.

घरी जाऊन जेवायला बसलो आणि घास घेता घेता थांबलो. त्या कबुलीतला एकही शब्द त्यांचा नव्हता. सगळं मी बोललो होतो, ते फक्त हो म्हणाले होते. खरा चोर कबूल होतो तेव्हा तो निम्मं सांगतो, निम्मं लपवतो, कुणाला तरी वाचवतो आणि मिळालेल्या भावावरून कुरकुरतोही. व्यापाऱ्यानं आपल्याला फसवलं हे तो आवर्जून सांगतो. या माणसाला तक्रार अशी नव्हतीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना समोर बसवलं आणि मुद्दाम चुकीचं विचारलं.

"काल तुम्ही म्हणालात, विजापूर रस्त्यानं माल नेला."

"हो साहेब."

"रिक्षातून."

"हो."

"एका रिक्षात किती पोती बसली?"

ते हळूच म्हणाले, "तुम्हीच सांगा, साहेब. जेवढी बसत असतील तेवढी लिहा. अम्माकडं गाडी पाठवू नका म्हणजे झालं."

हवालदार दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. बाहेर आल्यावर म्हणाले, "सायेब, ह्यो मानूस चोर न्हाय. चोराला पोतं केवढं असतंय ते तरी म्हाईत असतंय, आन् ह्ये तर पोत्यात जल्म गेलेलं मानूस. तरी म्हनतंय तुमीच सांगा."

मी फायली काढायला सांगणार, तेवढ्यात ठाणे अंमलदार आले. दिवाणजींच्या बोळातून निरोप होता. आई गेली.

त्यांना ते मीच सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाडी गेली होती का?"

"नाही," मी म्हणालो. "गाडी पाठवलीच नव्हती."

"मग तिला कुणी सांगितलं?"

तीन दिवस मुलगा घरी नव्हता. बोळातली माणसं दारातून बोलत होती. खाटेवरून सगळं ऐकू येत होतं. वय झालेलं होतं, हे डॉक्टरही म्हणाले असते. आमच्यामुळे गेली असं मी म्हणत नाही. आमच्यामुळे नाही गेली, असंही मला म्हणता येत नाही.

कोर्टाची परवानगी घेऊन आम्ही त्यांना अंत्यविधीला नेलं. बेड्या घातल्या नाहीत, पण एक शिपाई डाव्या बाजूला, एक उजव्या. बोळात माणसं जमली होती, पण सगळी आपापल्या ओट्यांवर. मुलगी-जावई भिवंडीहून निघाले होते, पोचायला संध्याकाळ झाली असती, आणि आमची परवानगी चारपर्यंतची होती. तिरडी बांधून झाली. खांदा द्यायला दिवाणजी उभे राहिले. एक चुलतभाऊ आला, शेजारचा एक म्हातारा विणकर आला. चौथा माणूस येईना. पोलिसांच्या आरोपीबरोबर कोण दिसून घेणार?

हवालदारांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि तिरडीला खांदा लावला. वर्दीतच. मला न विचारता. बोळाच्या तोंडापर्यंत ते तसेच चालत गेले आणि मी त्यांची टोपी हातात धरून मागे मागे चाललो. नंतर स्टेशन डायरीत मी यातलं काही लिहिलं नाही. आरोपीस अंत्यविधीस नेऊन सुरक्षित परत आणले, एवढंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्देमालाच्या खोलीतून सहाही गठ्ठे माझ्या टेबलावर आले. पंचांसमोर सील तोडलं. पहिली फाईल हवालदारांनी उघडली. चार पानं उलटली आणि ते थांबले.

"सायेब, हितं बगा."

गिरणीचं बिल होतं. बिलाच्या मागे टाचणीनं चलन लावलेलं. गाडीचा नंबर तोच, पोती तेवढीच. पुढचं बिल, मागे चलन. त्याच्या पुढचं, तसंच. चलनावर दिवाणजींच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'बिल आले, नोंद काढली', आणि खाली सही. सहाही गठ्ठ्यांत एकही चलन सुटं सापडलं नाही. ज्या नोंदी पुसल्या म्हणून मी त्यांना धरलं होतं, त्या प्रत्येकीचा कागद आमच्याच ठाण्यात, आमच्याच सीलखाली, माझ्या खुर्चीपासून वीस पावलांवर पडून होता.

हवालदार ट्रान्सपोर्टमध्ये जाऊन आले. पावत्यांवरची पोती दिवाणजींच्या आकड्याशी जुळली. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

वेबसाइट करणाऱ्या प्रोग्रामर बाईंना मी पुण्याहून बोलावून घेतलं. अठ्ठावीस-तीस वय, कुर्डुवाडीच्या. वडील तिथे रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. त्या आल्या त्याच घाबरलेल्या. मी फाईल पुढे ठेवली आणि विचारलं, "मला समजेल असं सांगा. दिवाणजींच्या कंप्युटरमधली नोंद तुमच्या वेबसाइटवर कशी जाते?"

"मधे माझा एक प्रोग्राम आहे सर," त्या म्हणाल्या. "तो दर पंधरा मिनिटांनी त्यांच्या सॉफ्टवेअरला विचारतो, नवीन काय आलं? जे नवीन असेल ते उचलतो आणि वेबसाइटवर नेऊन ठेवतो."

"आणि तिथून एखादी नोंद काढून टाकली तर?"

त्यांनी फाईलकडे पाहिलं. बिल उलटून मागचं चलन पाहिलं. दुसरं उलटलं. चेहरा उतरत गेला.

"ते तो विचारत नाही, सर," त्या म्हणाल्या. "काय काढलं, हे तो विचारतच नाही. म्हणजे चलनाची नोंदही वर राहिली आणि बिलाचीही. एकाच मालाची दोनदा."

"हे तुम्हाला आधी कळायला नको होतं?"

"कळायला हवं होतं. चूक माझी आहे." त्यांनी डोळे पुसले. "काम सुरू करताना मी शेठना म्हणाले होते, दोन दिवस मला दिवाणजींच्या शेजारी बसू द्या, ते नोंदी कशा करतात ते बघते. ते म्हणाले, त्यांना काय विचारायचंय, त्यांना त्यातलं काय कळतं? सॉफ्टवेअरचा पासवर्ड घ्या आणि जोडून टाका. मी जोडून टाकलं. मी हट्ट धरायला हवा होता."

मग त्यांनी विचारलं, "ते दिवाणजी कुठे आहेत? मला त्यांची माफी मागायचीय."

मी त्यांना कोठडीकडे नेलं. दिवाणजींचं डोकं मुंडन केलेलं होतं. बाई गजांबाहेर उभ्या राहिल्या आणि रडू लागल्या. शेवटी दिवाणजीच म्हणाले, "रडू नका, बाई. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. एवढंच झालं."

पुरावा नाही, असा अहवाल मी कोर्टात दिला आणि ते सुटले. धाकटे शेठ ठाण्यात हार घेऊन आले होते. दिवाणजींनी हात जोडले, पण मान पुढे केली नाही. 'परत कामावर या, पगार वाढवतो,' असं शेठ दोनदा म्हणाले. दिवाणजींनी कमरेची किल्ली काढण्यासाठी हात नेला, मग त्यांना आठवलं की किल्ली जप्तीत आहे. मी ती काढून दिली. त्यांनी ती शेठच्या हातात ठेवली.

जाताना ते माझ्याजवळ आले. "साहेब, एक विनंती आहे. एकदा आमच्या बोळात या. वर्दीत या. माझ्याकडून काही झालं नव्हतं, एवढं तोंडानं सांगा. बायकोला नळावर जाता येत नाही."

"येतो," मी म्हणालो. "नक्की येतो."

दुसऱ्या दिवशी एक मंत्री शहरात होते, त्याचा बंदोबस्त. मग निवडणुकीचा. मग एक खून. ठाण्यात काम कधी संपत नाही हे खरं आहे, पण तो बोळ ठाण्यापासून दहा मिनिटांवर होता हेही खरं आहे. खरं कारण मी स्वतःलाही बराच काळ सांगितलं नाही. मला त्या बोळात जायची लाज वाटत होती.

दीड महिन्यानं गेलो. दाराला कुलूप होतं. ओट्यावर ऊन खात एक म्हातारी विड्या वळत बसली होती. तिला विचारलं.

"गेली की पोरीकडं, भिवंडीला. घर इकायला काढलंया."

मी वर्दीत होतो. चार-पाच माणसं जमली. मी मोठ्यानं सांगितलं, "ऐका, दिवाणजींनी चोरी केली नव्हती. चूक वेबसाइटची होती. आणि आमची होती. ते पूर्ण निर्दोष आहेत."

लोकांनी माना हलवल्या. म्हातारीनं विडीला दोरा गुंडाळला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी सहज, चेष्टा न करता विचारलं, "किती दिलं त्यानं तुमाला?"

मी म्हणालो, "आजी, काही दिलं नाही."

"व्हय की," ती म्हणाली, "तसंच म्हनायचं असतंय," आणि तिनं दुसरं पान उचललं.

चुलतभावाकडून नंबर घेऊन मी भिवंडीला फोन केला. मी बोळात जाऊन सांगून आलो, असं दिवाणजींना म्हणालो. त्यांनी विचारलं, "ऐकायला किती जण होते, साहेब?"

"चार-पाच जण होते."

"हां," ते म्हणाले. "तुम्ही न्यायला आलात तेव्हा नळाला पाणी आलं होतं. सगळे होते." आवाजात राग नव्हता. माझ्या तब्येतीची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर माझी सात वर्षं नोकरी राहिली. कंप्युटरमधून आलेला कुठलाही कागद समोर आला की मी आधी तो भरणाऱ्या माणसाला शोधायचो आणि त्याच्या शेजारी बसून तो कसा भरतो ते बघायचो. जप्त केलेले कागद वाचल्याशिवाय सील करू दिले नाहीत. आणि एखाद्याला पुरावा नाही म्हणून सोडलं, तर त्याच दिवशी, जीप घेऊन, माणसं घरी असतील अशा वेळी मी स्वतः त्याला घरी पोचवायला जायचो आणि दारात उभा राहून शेजाऱ्यांना सांगायचो. सहकारी हसायचे. वरिष्ठांनी एकदा विचारलं, हे कोणत्या नियमात बसतं? कोणत्याच नाही, असं मी सांगितलं. म्हातारीसारखे लोक सगळीकडे असतात, पुष्कळांना माझं बोलणं पटलंही नसेल. 

हवालदार निवृत्त होऊन मंद्रूपला शेती बघतात. मध्यंतरी भेटायला आले होते. बोलता बोलता मी तिरडीचा विषय काढला आणि म्हणालो, त्या दिवशी खांदा मी द्यायला हवा होता. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग तसंच मिटलं आणि म्हणाले, "व्हय सायेब. द्यायला पायजे व्हता."